फळी सांभाळा

मुअंग लान, ४ नोव्हेंबर २००३

चि. मणीवोन हिस,
आईचे आशीर्वाद.

वियांगचानहून सोमनुकच्या बसनं सामान पोचलं ते असं: अंगाचे साबण सहा, मच्छरदाणीचं कापड पाच मीटर, टॉर्चचे सेल डझनभर, प्लास्टिकच्या सपाता चार जोड. आणण्याचे सोमनुकला पाच हजार किप दिले. सहा मागत होता. म्हणे, मावशी, घाटात रस्ता खचलाय. खचलेला रस्ता काय त्यानं खांद्यावर धरला होता? पाचावर मिटवलं. सपाता खोल्या भाड्यानं घेणाऱ्या पाहुण्यांना उपयोगी पडतील. सेल पुन्हा धाडू नकोस, इथं व्हिएतनामी बाईच्या दुकानात तेच सेल स्वस्त पडतात. खोका उपडा करून झटकला. चिठ्ठी नव्हती. मागच्या खेपेलाही नव्हती.

इकडे सर्व ठीक. वर्षावास संपला तेव्हा तुझ्या बाबांच्या नावानं मठात चीवर दिलं. भात कापणीला आलाय. वीज अजून संध्याकाळची तेवढीच येते आणि पाहुणे अजून विचारतात की बँक कुठं आहे. बँक प्रांताच्या गावाला, इथून एक दिवसावर, हे मी हातवारे करून सांगते आणि ते हसतात, जणू मी थट्टा करते आहे. मग व्हिएतनामी बाईकडे नेऊन डॉलर मोडून देते.

तू गेल्यापासून दोन वर्षं पाहुण्यांचे हाल आहेत, बसपासून घरापर्यंत आणणारं कुणी नाही. बस उतरवते खालच्या मैदानात, दिवेलागणीला, नदीवरून धुकं चढत असताना. पाट्या सगळ्या आपल्या लिपीत. त्यांच्या छापील पुस्तकातल्या नकाशात नदी उलट्या बाजूला दाखवलीय. कुणी पोलीस कचेरीत शिरतं, कुणी सरळ हमरस्त्यावरच्या चिन्याच्या नव्या हॉटेलात. दोघं जण एकदा मठात शिरले तर थोरल्या भंतेंनी त्यांना मंडपात चटया घालून दिल्या. पुण्य त्यांना लागलं, भाडं माझं बुडालं.

म्हणून लिहिण्यासारखी एक गोष्ट. परवा धुकं इतकं होतं की मला आपलं अंगण दिसेना, आणि त्यातून एक म्हातारं जोडपं नीट आपल्या जिन्याशी येऊन उभं राहिलं. बाईला तोडकंमोडकं थाई येत होतं. म्हणाली, तुमची मुलगी फार गुणी, छत्री काखेत धरून पुढं पुढं चालते, एकदाही मागं बघत नाही, पण आम्ही मागं पडलो की थांबते.

मी समजले, शेजारची सून केओ असणार. सकाळी तिला बिस्किटांचा पुडा नेऊन दिला. ती घरी नव्हती, सासूपाशी ठेवला.

बाकी काही विशेष नाही. तुझं पोट कसं आहे? हातपाय गार पडतात का? एवढं कळव.

तुझी आई


मुअंग लान, ३० नोव्हेंबर

चि. मणीवोन,

उत्तर आलं नाही. मी पुन्हा लिहिते आहे.

केओनं बिस्किटं परत आणून दिली. म्हणाली, मावशी, मी आठ दिवस शेतातल्या खोपटात कापणीला होते, मी कुणाला आणणार? सासूनं मात्र दोन खाल्ली होती. पुडा तसाच ठेवून घे म्हटलं.

त्यानंतर एक फ्रेंच मुलगा आला. मग दोन जपानी मुली. मग एकटाच एक दाढीवाला, पाइप ओढणारा, नाव मला उच्चारता येत नाही. कुणी वाट विचारली नाही, कुणी चुकलं नाही. सगळे एकच सांगतात. ज्यांना आपली भाषा येत नाही ते छत्री काखेत धरल्यासारखा हात करून दाखवतात. कुत्र्यांवर ती जीभ टाळ्याला लावून टक् करते असं फ्रेंच मुलानं करून दाखवलं, आणि आपली तांबडी कुत्री शेपूट हलवत उठून बसली. त्या मुलाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. जिन्याच्या तोंडाकडे पाहत होती.

आता हे नीट वाच. चिंचेमागच्या नाल्यावरची फळी तुझ्या वेळेला मधोमध मोडलेली होती. तू हात वर करून पाहुण्यांना त्यांच्या बोलीत दोन शब्द सांगायचीस, मी ते तुझ्या तोंडून ऐकून ऐकून पाठ केले होते. अर्थ एवढाच, की फळी सांभाळा. ती फळी राहिलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात तिथं नाला ओलांडायला सिमेंटचा सपाट कट्टा घातला, हत्ती गेला तरी हलणार नाही. जपानी मुली आल्या त्या संध्याकाळी मी खिडकीतच होते. पहिली त्या चांगल्या कट्ट्यापाशी आली, थबकली, आणि पाय उंच उचलून लांब ढांग टाकून पलीकडे गेली. दुसरीनंही तसंच केलं. दोघींच्या विजारींना कुसळं चिकटली होती. कुसळं फक्त चिंचेमागच्या जुन्या पायवाटेवर आहेत, आणि ती वाट आता कुणी चालत नाही, सगळे बाजारातल्या रस्त्यानं कट्ट्यावर येतात.

दुसरं असं, की जिन्याखाली पाहुणे पायताणं काढून ठेवतात ती रांग. सकाळी झाडताना बघते तर पहिल्या पायरीलगत एका जोडाची जागा सुटलेली असते. कुणाला काही न सांगता सगळे ती जागा सोडतात.

खोल्या भरलेल्या आहेत. केओची सासू म्हणते, तुझ्यावर घरदेवता प्रसन्न आहे. मी देवतेच्या छोट्या घरात रोज भात आणि फुलं ठेवते, पण तिला धन्यवाद म्हणवत नाही.

आडवळणं पुरे झाली. सरळ विचारते. तू आहेस ना? हे साबण, सपाता तूच पाठवतेस, की तुझ्या नावानं दुसरं कुणी पाठवतंय? खोक्यावरचं अक्षर तुझं नाही. मी ते पहिल्या खोक्यापासून ओळखलं होतं आणि मागच्या पत्रात लिहायचं टाळलं.

सोमनुकला सांगितलंय की या खेपेला सामान नाक्यावरच्या टपरीतून घ्यायचं नाही. तुझ्या कारखान्याच्या फाटकावर जायचं, तुला डोळ्यांनी बघायचं, आणि मला येऊन सांगायचं.

आई


मुअंग लान, २२ डिसेंबर

मणीवोन,

सोमनुक आला. आधी रस्सा प्यायला, चिकट भाताची अख्खी टोपली संपवली, मिरचीची चटणी बोटानं निपटली, आणि मी समोर बसून राहिले. शेवटी म्हणाला, "आहे मावशी. हाडामांसाची आहे. हात धरून पाहिला मी."

मी बुद्धाला हात जोडले. तो म्हणाला, थांब, अजून संपलेलं नाही.

त्याचं सांगणं असं. तू वाळली आहेस. ते कारखान्यातल्या सगळ्याच पोरी वाळतात. पण वसतिगृहापासून फाटकापर्यंतचा रस्ता सरळ आहे, पेट्रोल पंपापाशी एक वळण, बस्स, आणि तेवढ्यात तू चुकतेस. तुझी मैत्रीण वान्ना तुला हाताला धरून नेते आणि आणते. खोक्यांवर पत्ता तीच घालते, कारण तू पत्ता लिहायला बसलीस की गावाचं नाव लिहून थांबतेस. एका रविवारी बाजारात गेलीस ती संध्याकाळी मेकाँगच्या काठावर सापडलीस, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होतीस की आमचं घर कुठल्या बाजूला. ज्या पोरीनं दाट धुक्यात सगळ्या जगाला घरी आणलं, ती.

"मला म्हणाली, दादा, बस कुठं लागते?" सोमनुक सांगत होता. "आणि मावशी, ती बसलाच टेकून उभी होती."

मग म्हणाला, वान्नानं आणखी एक सांगितलंय. झोपेत ती उठून बसते, हात वर करते, आणि परक्या बोलीत काहीतरी पुटपुटते. रोज तेच. त्यानं ते दोन शब्द पोपटासारखे म्हणून दाखवले, त्याला अर्थ माहीत नाही. मला माहीत आहे. माझ्या हातातलं भांडं मी खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी फुईबाबांकडे गेले. अजूनही गावातले सगळे ख्वान तेच बोलावतात आणि बांधतात, डोळ्यांना कमी दिसतं पण मंत्र चुकत नाहीत. सगळं ऐकून घेतलं, सुपारी चघळत बसले. म्हणाले, माणसात बत्तीस ख्वान असतात, एका जिवाचे बत्तीस तुकडे, पोरं लांब निघाली की त्यांना गोळा करावं लागतं, सांगावं लागतं की चला, आता निघायचंय, आणि मनगटाला दोरा बांधून आत ठेवावं लागतं. "तुझी लेक दोऱ्याशिवाय गेली. एकतीस तिच्यामागं धावत बसमध्ये चढले असतील. वाटेचा होता तो मैदानात पाहुण्यांची वाट बघत होता. त्याला कुणी निघायचं सांगितलंच नाही."

दोऱ्याचा सगळा घाट मी घातला होता. फुलांचा मनोरा केला, कोंबडी उकडली, आळीतल्या बायका बोलावल्या. तू पहाटे उठून बसमध्ये जाऊन बसलीस. खाम्मानची आई आली होती हे खरं आहे. शेजारीण आहे, तिला बोलावू नको? तिनं येताना खाम्मानसाठी तुला मागणी घालायचं काही आणलं असेल तर ते तिचं तिनं आणलं. तू जिन्यावरून उतरताना म्हणालीस की दोऱ्यात दोरा मिसळून मला बांधायला निघालात, मी ही पायरी पुन्हा चढणार नाही. मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच, मी लिहीत नाही.

फुईबाबांना विचारलं, ती मला का दिसत नाही? सगळ्या परक्यांना दिसते, जन्म दिला तिला नाही? म्हणाले, "तुला वाट माहीत आहे. ज्याला वाट माहीत आहे त्याला वाटाड्याची गरज काय?"

तरी मी काल मैदानात गेले. बसमधून एकच बाई उतरली, पाठीवर तिच्याएवढं ओझं. मी तिच्यापासून थोडी लांब, मागं. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं, मग समोर बघून हसली आणि चालायला लागली. समोर कुणी नव्हतं. बाजाराला वळसा घालून चिंचेमागं गेली, मीही कुसळांतून गेले. कुत्री पडून होती, एक भुंकलं नाही. कट्ट्यापाशी ती थबकली, मान हलवली, ढांग टाकली. जिन्याशी पोचल्यावर वळून पहिल्या पायरीशेजारी वाकून हात जोडले आणि मग मला म्हणाली, खुणेनं, ही वर येत नाही का?

मी तिला किल्ली दिली, गरम पाण्याचा थर्मास दिला. मग खाली उतरून त्या जागेपाशी उभी राहिले. तिथली माती गार होती, पण हिवाळ्यात माती गारच असते.

आई


मुअंग लान, १८ जानेवारी २००४

मणीवोन,

तुला जोडायच्या नादात मी एक घोळ करून बसले. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा. सोमनुक हे तिखटमीठ लावून सांगेल.

फुईबाबा म्हणाले होते, बुडालेल्याचा, पडलेल्याचा ख्वान जसा जाळीनं उचलून आणतात तसा हा आणू. नदीतले मासे काढायची हातजाळी हवी, तिच्यात भाताचा गोळा, उकडलेलं अंडं, केळं, आणि त्या माणसाचं अंगावरचं कापड. कापडाच्या वासावर ख्वान येतो. मी घरी येऊन तुझं कपाट उघडलं. तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. कापड वाया गेलेलं मला बघवत नाही. तुझे शर्ट खोल्या पुसायला गेले, जाकिटाचं बसकर झालं. तुझा शाळेत नेसायचा निळा सिन तेवढा धड होता, त्याचा मी उशीचा अभ्रा शिवला होता, तीन नंबरच्या खोलीत. तो काढून घेतला.

दुपारी मैदानात गेलो, मी आणि फुईबाबा. बस नव्हती, म्हशी चरत होत्या. मी जाळी हवेत फिरवली, नाव घेतलं, ये ग बाई, भात खा, घरी चल, जंगलात राहू नकोस, मैदानात राहू नकोस. जाळी जड झाली. खोटं सांगत नाही, मासा आल्यासारखी दांडीला ओढ लागली. मग रिवाजाप्रमाणे मागं न बघता, न बोलता घरी आले. जिन्यावर केओ उभी होती, तिनं विचारायचं असतं ते विचारलं, आली का ग? मी म्हणाले, आली. वर जाऊन अभ्र्याला दोरा बांधला आणि तुझ्या अंथरुणावर ठेवला. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

तिसऱ्या दिवसापासून तीन नंबरच्या खोलीचं दार आपोआप उघडं राहायला लागलं. खिडकीशी खुर्ची ओढलेली. चिकट भात ठेवला तर तसाच. केओनं सहज पावाचा तुकडा ठेवला तो सकाळी कोरडा पडलेला, चव गेलेला. बिछान्याच्या कडेला कुणी बसल्यासारखा खळगा. आणि वास. तंबाखूचा वास, ग. तू आयुष्यात तंबाखूला शिवली नाहीस.

फुईबाबांना आणलं. त्यांनी अभ्रा नाकाशी धरला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"तिचा सिन."

"ही उशी आहे. हिच्यावर किती डोकी झोपून गेली?"

दोन वर्षांची डोकी कोण मोजणार?

"पोरीला हाक मारलीस आणि पाहुणा घेऊन आलीस," म्हणाले. "कुणीतरी इथून निघताना मागं वळून वळून बघत गेला असेल, त्याचा तुकडा राहिला होता. आता तो म्हणतोय, मला बोलावलं कशाला?"

मला तो पाइपवाला आठवला. जाताना खिडकीशी बराच वेळ बसला होता, बस भोंगे वाजवत होती तरी. चांगला माणूस, चादर घडी करून ठेवून गेला. त्याचा देह त्याच्या देशात कुठं दारं उघडी टाकत फिरत असेल कोण जाणे. दुसऱ्याच्या आईचं लेकरू घरात डांबून ठेवायला मी काही चेटकीण नव्हे. त्याला परत धाडायचं ठरलं, पण धाडायचं कसं? त्याला आपली बोली येत नाही, मंत्र पाली भाषेत. शेवटी फुईबाबा म्हणाले, आला तसा जाईल, बसनं.

मी अभ्रा, अंडं आणि पावाचा तुकडा टोपलीत घालून मैदानात नेलं आणि सोमनुकला वियांगचानचं एक तिकीट मागितलं.

"कोण जातंय?"

"हा." टोपली खिडकीकडच्या सीटवर ठेवली.

तो टोपलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मावशी, सामानाचं पाच हजारात नेईन."

"सामान नाही. बसून जाणार."

"मग अर्धं लावतो."

"दाढीवाला माणूस आहे, अर्धं कसं?"

मी पूर्ण तिकीट काढलं, तुझ्या आईनं, जी पाच हजारासाठी भांडते. रक्कम पुण्यात मांडली. बस भरली, लोक छपरावर चढले, पण त्या सीटवर कुणी बसलं नाही, टोपली उचलून मांडीवर घेतो असंही कुणी म्हटलं नाही. एका म्हातारीनं तर त्याला उन्हाचा त्रास नको म्हणून पडदा ओढला. सोमनुक सांगतो, वियांगचानला त्यानं टोपली विमानतळाच्या कुंपणाशी ठेवली आणि वळून बघितलं नाही. त्या दिवसापासून तीन नंबरचं दार लावलेलं लागूनच राहतं.

पण तू अजून मैदानातच आहेस.

आई


मुअंग लान, २६ फेब्रुवारी

माझ्या नोय, माझ्या चिमुकल्या मणीवोन,

आता मी घाबरले आहे. इतके दिवस हे लिहिलं नव्हतं.

मागच्या आठवड्यात एक तरुण पाहुणा गुडघ्यापर्यंत ओला होऊन आला. त्याला मठातल्या भंतेंनी आणलं. तो म्हणाला, मुलगी पुढं चालत होती, बाजारापर्यंत बरोबर, मग ती उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली नदीकडे वळली. जिथून पूर्वी होडी सुटायची त्या जुन्या धक्क्यापर्यंत तो मागोमाग गेला, आणि ती थांबली नाही म्हणून पाण्यातही गेला. पाणी गुडघ्याला लागल्यावर त्याला सुचलं की हाक मारावी. तेव्हा ती वळली. इतक्या पाहुण्यांत पहिल्यांदा वळली. त्याला वाटलं की ती त्यालाच वाट विचारते आहे.

त्यानंतर दोन पाहुणे पुन्हा पोलीस कचेरीत शिरले, एक चिन्याकडे. खोल्या रिकाम्या आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही.

फुईबाबा म्हणतात, जाळी फिरवली आणि दुसराच निघाला, त्यानं ती बिचकली. आपल्याला बोलावलं की दुसऱ्याला, हे तिला कळेना. आता तिचा स्वतःचाच रस्ता सुटत चाललाय. एप्रिलात नव्या वर्षाचं पाणी एकमेकांवर पडायच्या आत तिला घरात घेतलं नाही तर ती नदीची वाट धरील. नदीला लागलेला ख्वान कुणाच्या जाळीत येत नाही. "आणि तिकडे जी आहे," म्हणाले, "तिला पेट्रोल पंपाचं वळण मग कुणाचा हात धरूनही घेता येणार नाही." म्हातारा गोड बोलत नाही, तुला माहीत आहे.

काल संध्याकाळी मी एकटी मैदानात गेले. धुकं होतं. वाट माहीत असलेल्याला तू दिसत नाहीस, म्हणून मी डोळे मिटले आणि जात्यासारखी गरगर फिरले, भोवळ येईपर्यंत. या वयात. म्हशी हाकणारी बाई बघत होती, बघू दे. कुठं बाजार, कुठं नदी, काही कळेना तेव्हा मी मोठ्यानं म्हणाले, "पोरी, मला घर सापडत नाही. नेतेस का?"

बराच वेळ काही नाही. मग कुत्री गप्प झाली. मी डोळे उघडले नाहीत. चालायला लागले. पायांना कुसळं लागली तेव्हा कळलं की चिंचेमागं आहे. एका ठिकाणी माझा पाय आपोआप उंच उचलला गेला आणि लांब पडला. मी त्या कट्ट्यावरून रोज भाजी आणते, कधी ढांग टाकत नाही. मग नडगीला जिन्याचं लाकूड लागलं.

मी म्हणाले, वर ये. थांबले. पुन्हा म्हणाले. तेव्हा तू निघालीस त्या दिवशी मी जे म्हणाले होते तेही मागं घेतलं, मोठ्यानं, केओच्या सासूला ऐकू जाईल एवढ्या. ती खिडकीत आलीच. डोळे उघडले तर अंगणात मी एकटी आणि तांबडी कुत्री, पहिल्या पायरीलगतच्या मोकळ्या जागेत तोंड खुपसून झोपलेली.

नुसत्या बोलण्यानं होत नाही. कापड लागतं. फुईबाबांनी बजावलंय, या वेळी कापड फक्त तिचं, फक्त तिच्या अंगाचं, आणि न धुतलेलं. मी सगळं घर उलटंपालटं केलं. तुझी रजई उन्हात घातलेली, गादीचा कापूस पिंजून घेतलेला, केसांचा रुमाल उकळलेला. तुझ्या घामाचा एक धागा या घरात नाही. स्वच्छतेचं नाव काढलेली बाई मी, मीच सगळं धुतलं.

म्हणून एवढं कर. कामावर घालतेस तो शर्ट सलग काही दिवस अंगात ठेव. मानेपाशी कळकट झाला, बगलांना डाग पडले की काढ, वर्तमानपत्रात गुंडाळ आणि वान्नाला सांग सोमनुकच्या हातात द्यायला. नाक्यावरच्या टपरीत ठेवू नका. सोमनुकला काही देऊ नका, तो मागेल ते मी इथं देईन, सहा मागितले तरी. तुला स्वतःला यायचं असेल तर वान्नाला बरोबर घे, एकटी निघू नकोस. खाम्मानचं लग्न डिसेंबरात झालं, त्याच्या आईला कुणी बोलावणार नाही. आळीतल्या बायकाही नाहीत. दोरा एकच असेल.

या खेपेला जाळी केओ आणेल. जिन्यावर मी उभी राहणार आहे. आली का, हे मला विचारायचं आहे.

उलट बसनं उत्तर धाड. लिहिताना गावाच्या नावाशी थांबलीस तर नुसता शर्ट धाड, मला तेवढंच पुरे. धुऊ नकोस.

तुझी आई